मगर, विहीणबाई अन् मी

३ मे, बुधवार

मगर पाहिजे! नातीले, मैत्रीले, पाचव्या वाढदिवसाले परी नको, बाहुली नको — मगर! मैत्रीनं मोबाइलवर पाहून ठेवली आहे. चोवीस छोटे कपकेक वाकड्यातिकड्या रांगेत लावायचे, वरून हिरवी क्रीम फासायची, झाली मगर. कापायची भानगड नाही, एकेका पोट्ट्यानं एकेक कप उचलायचा. "दादी, एकदम इझी है!" म्हणते. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. दोघीही हटत नाही.

पार्टी चौदा तारखेले, रविवारी. सुनबाई रीना बँकेच्या ट्रेनिंगले बिलासपूरले, शनिवारी संध्याकाळी येणार. मी म्हटलं, मी करते. जन्मात केक केला नाही, पण तीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसली. मगर काय चीज आहे!

५ मे, शुक्रवार

रीनानं घोळ करून ठेवला. आपल्या आईलेही सांगून टाकलं. "मम्मी और आप मिलके बना लो न, आई."

मिलके!

विहीणबाई — सरोजिनी शर्मा, राहणार इथंच रायपुरात, ब्राह्मणपारा. आमच्या यशदीपचं अन् रीनाचं लग्न झालं त्याले सहा वर्षं झाली. तेव्हा त्या भांडल्या नाही, रडल्या नाही. महिन्या-दोन महिन्यांनी चौबे कॉलोनीत आमच्याकडे येतात, मैत्रीले मांडीवर घेतात, माझ्याशी गोड बोलतात. पण आमच्या घरचं पाणी? एक घोट नाही. कधी एकादशी, कधी "अभी-अभी चाय पीके आई हूं", कधी दवाई चालू. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती अन् बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या खालच्या खुर्चीत बसतात अन् हसून नाही म्हणतात. कारण त्यायले माहीत, मले माहीत. यशदीपले वाटते सासूचं पोट नाजूक आहे. पोट्टा भोळा!

मी कधी बोलली नाही. दरवेळी चहा करते, दरवेळी बेसिनमध्ये ओतते.

८ मे, सोमवार

पहिला घाणा एकटीनं काढला. वरून दगड, आतून कच्चं पीठ. आमचे हे रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, आता फक्त सोफ्याचे गार्ड. एक कप हातात घेऊन म्हणाले, "सरला, हा दरवाजाले लावून ठेव. हवेनं आपटते."

९ मे, मंगळवार

ओव्हन आधी तापवून ठेवा लागते म्हणे! हे कोणी सांगायचं? दुसरा घाणा फुगला. मैत्रीनं तीन खाल्ले.

११ मे, गुरुवार

विहीणबाई आल्या. हातात स्टीलची बाटली, आपलं पाणी आपल्यासंगं. मी पाहिलं.

"अंडा तो नहीं डालोगी न?" पहिला प्रश्न.

म्हटलं नाही, दही अन् खायचा सोडा. पदर खोचला त्यायनं अन् पीठ फेटाले बसल्या. काय हात आहे बाईचा! एकाच बाजूनं, एका चालीत, गुठळी म्हणून नाही. बारा कप निघाले, सगळे एकसारखे. मग क्रीममध्ये हिरवा रंग टाकून मगरीची तालीम केली. मी शेपटी लावली, त्यायनं तोंड. मागं सरकून पाहिलं.

"ये तो तोरई है," विहीणबाई म्हणाल्या.

खरंच, दोडकाच! हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. सहा वर्षांत असं हसलो नव्हतो.

तेवढ्यात मैत्रीनं चमचाभर क्रीम त्यांच्या तोंडाशी नेली. "नानी, चखो!"

"मेरा उपास है, बेटा."

"नानी का रोज उपास रहता है क्या?"

पोरगी चमचा चाटत कार्टून पाहाले गेली. आम्ही दोघी ओट्यापाशी. मले काय झालं, माहीत नाही. सरळ विचारलं, "समधिनजी, आज कौनसा उपास है?"

त्या क्रीम फेटत राहिल्या. मग हात थांबला. "आप जानती हो."

"हव, जानती हूं. छह साल से."

"पहले मन में वही बात थी," त्या म्हणाल्या. "झूठ नहीं बोलूंगी. बचपन से जो देखा, वही. फिर मैत्री हुई, और वो बात मन से निकल गई. पर तब तक इतनी बार मना कर चुकी थी... अब एकदम पी लूं तो सब देखेंगे, आज पी लिया! आप भी देखोगी. शरम लगती है, समधिन."

मले आधी हसू आलं. मग राग आला. म्हटलं, "शरम आपकी, और अपमान मेरा! मेरी मां को भी कुएं पर ऊपर से पानी डालते थे. मेरे घर में मैं ये क्यों देखूं?"

त्यायनं हात धुतले, बाटली उचलली, मैत्रीचा पापा घेऊन गेल्या.

बरं केलं का वाईट केलं? बोलली ते खरं होतं. पण रीनाचा चेहरा डोळ्यांसमोरून जाऊन नाही राहिला.

१२ मे, शुक्रवार

फोन नाही. मीही केला नाही. ह्यायनं विचारलं, "काहून गप्प आहेस?" म्हटलं, "मगरीचं टेन्शन."

१३ मे, शनिवार

दुपारी बेल वाजली. विहीणबाई! काखेत लांबलचक लाकडी फळी, चांदीच्या कागदात गुंडाळलेली. "इसके ऊपर सजाएंगे. आपकी थाली में मगर की पूंछ नहीं समाएगी."

परवाचं त्या बोलल्या नाही, मी बोलली नाही. चोवीस कपकेक झाले. क्रीम उद्या. संध्याकाळी रीना आली, आम्हा दोघींले एकाच ओट्यापाशी पाहून दारातच उभी राहिली.

१४ मे, रविवार

किती लिहू! हात दुखून राहिले, पण लिहितेच.

दोन वाजता मगर तयार — डोळे चॉकलेटच्या गोळ्यांचे, दात खोबऱ्याच्या तुकड्यांचे. काय ऐट! तीन वाजता लाइट गेली. रायपूरचा मे महिना! कूलर बंद, एसी बंद, अन् एवढी लांब फळी फ्रिजमध्ये जाते कुठं? पंधरा मिनिटांत मगरीचं नाक गळालं, मग एक डोळा घसरला. हे पेपरानं वारा घालून राहिले, "दम धर, बाई, दम धर," मगरीले! मैत्रीचा भोंगा सुरू. पाचले पाहुणे येणार.

मले तर रडूच आलं. विहीणबाईंनी मात्र मोठा चाकू घेतला अन् सगळी क्रीम खरवडून टाकली. मी तर ओरडलीच!

"सूखा नारियल है? बहुत सारा? नारियल पिघलता नहीं."

होता! मी किसला, त्यायनं हिरव्या रंगाचं पाणी शिंपडून हातानं चोळला. रीनानं कपांवर जॅम लावला, वरून आम्ही तो किस दाबला. अन् काय सांगू — खरबरीत, खवल्याखवल्यांची, अस्सल मगरीची पाठ! क्रीमची त्याच्यापुढं काहीच नव्हती.

रीना मैत्रीले तयार कराले गेली. सैंपाकघरात आम्ही दोघीच, घामानं निथळून राहिलेल्या, कोपरापर्यंत हिरव्या. मी फळी पुसत होती. मागं माठाचं झाकण वाजलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, विहीणबाईंनी आमचा ग्लास घेतला, आमच्या माठात ओगराळं बुडवलं.

मी पाठ फिरवली. ती फळी स्वच्छच होती, तरी मी पुसत राहिली. एक ग्लास. मग दुसरा. मग ग्लास विसळून पालथा ठेवल्याचा आवाज.

मी पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही.

पाचले लाइट आली. पोट्टे आले. एक म्हणाला, "ये तो छिपकली है!" मैत्री कंबरेवर हात ठेवून, "मगर है! मेरी दादी और नानी ने बनाई है! डर नहीं लगता क्या?" मग सगळे डरले, मग सगळे तुटून पडले. शेपटीसाठी दोन पोट्ट्यांत मारामारी. दहा मिनिटांत फळीवर फक्त हिरवा चुरा. विहीणबाईंच्या वाट्याले काही उरलंच नाही, अन् माझ्याही नाही.

१५ मे, सोमवार

अंग ठणकून राहिलं. नखांतला हिरवा रंग निघत नाही. पुढच्या वर्षी मैत्रीले ऑक्टोपस पाहिजे. आठही पाय!

१९ मे, शुक्रवार

सकाळी विहीणबाई एकट्याच आल्या, ऑटोनं. पित्ताशयात खडा निघाला, गुरुवारी ऑपरेशन. घरी मुलगा आहे, सून आहे. तरी म्हणाल्या, "तीन दिन अस्पताल में मेरे पास आप रहना, समधिन. मैंने सबको बोल दिया है."

मी हो म्हटलं. मग भीतभीत विचारलं, "खाना ब्राह्मणपारा से आएगा न?"

माझ्याकडे पाहिलं त्यायनं. "काहे को? आपके घर चूल्हा नहीं जलता क्या?"