मायच्या डोळ्यात राहिलेलं पाणी

आसं अर्धंच बोलून फोन ठिवायची तुला काय घाई झाली व्हती, बन्सी? मोबाईलवर मायच्या डोळ्याचा रिपोट पाठवला तुला वाचायला, तर तू थेट मायलाच सांगितलंस, "माय, डोळ्यात अजून पाणी हाय." झालं. तू सुटलास, हितं मी भोगायलेय. (आशीर्वाद राह्यला, तो घे. तुझी बायको राजेश्री बरी आसंल. तुझे दाजी बरे हायत, मी न्हाई. माय शेजारी बसून फोन ऐकती म्हणून कागदावर लिवायलेय.)

मायनं अर्थ आसा काढला, की आबा गेले तवा ती रडली न्हाई, तेच पाणी साचलंय. आता रडून काढायचं म्हणती. कांदे चिरायला बसली, दिसंना, बोट कापून घेतलं. परवा पालममधी एकाच्या मयताला गेली, त्येला वळखतबी न्हाई. घरचे रडून थकले, ही कोरडी परत आली.

आन सुई बंद. म्हणती, एवढ्या सुया डोळ्यात टोचून पाणी निघंना, मग कशाला? परभणीच्या डॉक्टरीणबाईनं मला नीट सांगितलंय. रानात खाली ओल राह्यली तर पीक जगतंय, मुळात पाणी शिरलं की सडतंय. डोळ्याच्या पडद्याचं तसंच. पडद्याखाली जरासं राह्यलं तरी नजर टिकती, पण पडद्यातच मुरलं तर मधलं दिसणं जातं, आन गेलेलं परत येईलच आसं न्हाई. मायचं आत मुरायला लागलंय. म्हणून सुई चुकवायची न्हाई. हे मायला सांगितलं तर म्हणती, तू शिकलीस किती? (तिसरी. पण ऐकायला शाळा लागत न्हाई.)

तिला दाराची चौकट वाकडी दिसायलीय. काल माझ्याकडं लय येळ पाह्यलं आन म्हणली, "तुझे कान दिसायलेत धुरपता, तोंड कुठं गेलं?" मी हसले. मग न्हाणीत जाऊन बादली भरत बसले.

तुझी आक्का,
धुरपता

ता. क. पुढल्या मंगळवारी सुई हाय. मी न्हेते. तुझी गरज न्हाई.

आनखी ता. क. गरज हाय. माय म्हणली, बन्सी येऊन परत निघाला की मला रडू येतंयच. त्यो येऊन गेला की पाणी निघंल, मग सुई घेते. मी म्हणले, यायलाय. खोटं बोलले. तिनं पेटीतलं धुतलेलं लुगडं बाहीर काढून ठिवलंय. शुक्रवारपर्यंत कळव. न्हाई म्हणायचं आसंल तर मला म्हणू नको, तिलाच सांग.