दादाच्या उत्तराला माझे कंस

४ जानेवारी
दादाला जाऊन वर्ष झालं. कंपनी आता माझी एकट्याची. आजपासून शोक बंद, काम सुरू.
संकल्प: स्वतःची प्रोग्रामिंग भाषा. नाव ठरलं, ‘सरळ’. पूर्णपणे एक्सएमएलमध्ये. म्हणजे जे काही असेल त्याला कोनी कंसात नाव द्यायचं, आणि ते नाव वाचून मशीनने काम करायचं. प्रोग्रामर नावाची जमातच लागणार नाही.
ऑफिसातली दादाची खोली अजून बंद आहे. आत त्याचं जुनं मशीन घरघरत असतं. तिथे बसावं असं मनात होतं, पण मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे.

९ जानेवारी
‘सरळ’मध्ये पहिला प्रोग्राम पूर्ण. दोन अधिक दोन. पान-दीड पान झालं.
प्रोग्राम तपासणाऱ्या आमच्या टेस्टरबाईंना दाखवला. ऑफिसात आता त्या आणि मी, दोघंच. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि उत्तर कुठे आहे असं विचारलं. उत्तर पुढच्या पानावर होतं. लोकांना स्पष्टपणाची सवय नाही.

१७ जानेवारी
रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. आमचं सगळ्यात मोठं काम त्यांचंच. गावोगावच्या हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर आमच्या सर्व्हिसला विचारतात, अमुक गटाचं रक्त कुठे आहे? सर्व्हिस शोधून सांगते. वेब सर्व्हिस म्हणजे एवढंच, एका मशीनने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. दादाने ती कुठल्याशा पुरातन भाषेत लिहिली आणि आयुष्यभर तिची डागडुजी करत बसला.
मी शब्द दिला की मार्चपासून सगळं ‘सरळ’मध्ये.
बाई म्हणाल्या, आहे ते नीट चाललंय ना?
मी हसलो. दूरदृष्टी शिकवता येत नाही.

२६ जानेवारी
वहिनी दादाचा स्वेटर न्यायला आली होती. खुर्चीच्या पाठीवर तसाच होता. मी दारापर्यंत सोबत गेलो. (धूळ.) जाताना तिला ‘सरळ’बद्दल सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाषा केलीत भावजी, पण तिच्यात बोलणार कोण?”
मुद्दा मार्केटिंगचा आहे. विचार करतो.

२ फेब्रुवारी
‘सरळ’ सर्व्हिसची पहिली चाचणी. ओ निगेटिव्ह मागितलं, बी पॉझिटिव्ह मिळालं. गट चुकला, पण रक्त मिळालं, हे महत्त्वाचं. टेस्टरबाईंना तसं म्हणालो. त्या पांढऱ्या पडल्या. थोडे दिवस द्या सर, मी बघते, म्हणाल्या. दिले. मोठ्या माणसाने बारीकसारीक कामं वाटून द्यावीत.

११ फेब्रुवारी
चालली! माझी भाषा चालली! जो गट मागितला तो, जिथे होता तिथला. जरा सावकाश उत्तर देते, पण विचार करून देते.
एकच गोष्ट लिहून ठेवतो. एबी निगेटिव्ह कुठेच नव्हतं. तेव्हा स्क्रीनवर आलं, “आत्ता नाहीये. बघतो, सांगतो.” आणि थोड्या वेळाने, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दात्याचा पत्ता.
हे वाक्य मी लिहिलेलं नाही. दात्यांची यादी शोधायचंही मी ‘सरळ’ला शिकवलेलं नाही.
दादाला काहीही विचारा, आधी हेच वाक्य यायचं.

१२ फेब्रुवारी
शास्त्रीय कारण सापडलं. चांगली भाषा कर्त्याचे संस्कार उचलते. मी दादाच्या हाताखाली वाढलो, माझ्यातून ते ‘सरळ’मध्ये उतरले. परदेशी परिषदेत यावर निबंध वाचता येईल.
जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, दुपार
मार्चची वाट कशाला, हॉस्पिटलं कालपासून ‘सरळ’वर; दादाची सर्व्हिस चालवणारं जुनं मशीन आता नको. आज त्याच्या खोलीत गेलो. नाकाला रुमाल. खुर्ची टेबलापासून जरा मागे होती, नुकतंच कुणी चहाला उठून जावं तशी. जुन्या मशीनची वायर डोळे मिटून ओढली. घरघर थांबली. इतकी शांतता की स्वतःचा श्वास परका वाटला.
एका युगाचा अंत. बाहेर येऊन ‘सरळ’ला एबी निगेटिव्ह विचारलं.
“आत्ता नाहीये. बघतो, सांगतो.”
जिन्यात जाऊन बसलो. तिथे हवा चांगली येते.

१६ फेब्रुवारी
टेस्टरबाई बँकेत गेल्यावर दार लावून घेतलं. रक्तगटाच्या रकान्यात टाइप केलं, ‘दादा?’
उत्तर आलं, “असा गट नाही. नीट लिहा.”
लहानपणी माझं शुद्धलेखन तपासताना दादा अगदी अस्सं म्हणायचा. अंगावर सरसरून काटा. ऑफिसात एसी फार आहे.
तरी पुन्हा टाइप केलं, ‘माझी भाषा कशी झाली?’
“असा गट नाही. नीट लिहा.”

१८ फेब्रुवारी
न राहवून वहिनीला सांगितलं. वेड्यात काढेल असं वाटलं होतं. ती भाजी निवडत होती, हात थांबले.
“विचारलंत तरी,” म्हणाली. “हे असताना तुम्ही ह्यांना कधी काही विचारलं नाहीत.”
मी विषय बदलला. निवडलेली भाजी पुन्हा निवडत बसलो.

२४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंचा फोन. काल एक बाळंतीण अडली होती, रक्तस्राव थांबेना, गट दुर्मिळ. आमच्या सर्व्हिसने दाता शोधून दिला. आई आणि मुलगी, दोघी बऱ्या आहेत. ज्याने ही सर्व्हिस केली त्याला माझा नमस्कार सांगा, म्हणाल्या.
मी “पोचला” म्हणालो. फोन ठेवल्यावर दादाच्या खोलीच्या दाराकडे बघत उभा राहिलो. विजय असाच शांतपणे पचवायचा असतो.

२५ फेब्रुवारी
टेस्टरबाईंना परिषदेच्या निबंधाबद्दल सांगितलं. संस्कार, ‘सरळ’, बंद मशीन, सगळं. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.
त्यांचं म्हणणं असं. त्या चुकीच्या गटानंतर त्या घाबरल्या. दादांचा प्रोग्राम त्यांनी जशाच्या तसा भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे बाहेरच्या दुसऱ्या मशीनवर, नेऊन ठेवला, आणि ‘सरळ’ने सगळे प्रश्न त्यालाच विचारावेत अशी सोय केली. तसा मेल मला पाठवला होता. (मी मेल संध्याकाळी वाचतो. वाचणार होतो.) वाक्यं दादांचीच, त्यांनी कधीची लिहून ठेवलेली.
“म्हणजे ‘सरळ’ पोस्टमन झाली,” मी म्हणालो.
“पोस्टमन पाकीट फोडत नाही, सर. ‘सरळ’ फोडते, आतल्या चिठ्ठीला कंस घालते, आणि परत चिकटवते. म्हणून उशीर होतो. परवा त्या बाळंतिणीच्या वेळीही झाला.”
म्हणजे भूत नव्हतं. सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. टाकता आला नाही. गेले काही दिवस ऑफिसात निदान तो होता.

१ मार्च
‘सरळ’ काढून टाकायची परवानगी दिली. टेस्टरबाईंनी सकाळी काढली. सर्व्हिस चटचट उत्तरं देऊ लागली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.
दुपारभर दादाच्या खुर्चीत बसून त्याचा प्रोग्राम वाचला. पहिल्यांदाच. फारसा कळला नाही. कळला तेवढ्यात कुठेही घाई नव्हती. धुळीमुळे डोळे चुरचुरत होते. बाई म्हणाल्या, खोली त्या रोज पुसून घेतात.

३ मार्च
दादाच्या प्रोग्राममध्ये माझी एक तरी ओळ असावी असं वाटलं. टेस्टरबाई तयार झाल्या, पण फक्त टिप्पणी, म्हणाल्या. म्हणजे माणसांसाठी लिहिलेली ओळ, मशीन ती वाचत नाही, त्यामुळे काही बिघडायचा प्रश्नच नाही.
खूप विचार करून अगदी वर लिहिलं, ‘हे दादाने केलं. मी मधे आलो होतो.’
लिहून बरं वाटलं. चहा घ्यायला गेलो.
टिप्पणी कुठे संपते त्याची खूण करायची असते. ती राहिली. दादाचा सगळा प्रोग्राम माझ्या टिप्पणीत गेला आणि सर्व्हिस बंद पडली. कुणी रक्त मागायच्या आत बाईंच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं.
ओळ काढली आहे.