मायच्या चुलीचं धुराडं

हिंगोली,
८ ऑगस्ट १९७६

चि. मसाजी यास,
मामाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

एम.एस्सी. करता करता तू आणि तुझा मित्र रतनसिंग बिनधुराच्या चुली विकणार, हे वाचून या संस्कृतच्या मास्तराला धक्काच बसला. धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजावं, हे आमचं न्यायशास्त्र कधीपासून शिकवतंय. आता अग्नी राहणार आणि धूर जाणार. आम्ही अनुमान कशावरून करायचं?

थट्टा सोड. नोकरी मिळत असताना पोरगं हे काहून करून राहिलं, असं तुझी माय मला विचारते. उत्तर दे. ती फार खोकते. डॉक्टर धुरापासून लांब राहा म्हणाले, तर मग भाकरी कोण थापील, असं तिनं त्यांनाच विचारलं.

लोभ आहे, वाढवलास तर हरकत नाही.
तुझा मामा, सोनाजी

औरंगाबाद,
२० ऑगस्ट १९७६

ती. मामांस,
मसाजीचा सविनय जयभीम. वि. वि.

रतनसिंगाचं कारण सरळ आहे. त्याच्या पुसेगावाकडचं पळसाचं रान सरपणापायी उघडं पडत चाललं. आमच्या चुलीला सरपण कमी लागतं. शिवाय कुणाची चाकरी नको, हेही तो लपवत नाही.

माझं कारण मायला सांगू नका. लहानपणी मी चुलीपुढं बसून अभ्यास करायचो. माय सारखी डोळे पुसायची. बाबा गेले म्हणून ती रोज रडते, असं मला मॅट्रिकपर्यंत वाटायचं. विचारायचा धीर झाला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पहिली चूल साखऱ्याला, तिच्याच घरी बसवतो.

तब्येतीस जपावे, रागावत राहावे.
आपला, मसाजी

हिंगोली,
१६ जानेवारी १९७७

चि. मसाजी यास,
सप्रेम जयभीम.

तुझी चूल पाहायला साखऱ्याला गेलो. घरात इतका धूर, की बहीण कुठं बसलीय ते खोकल्यावरून ओळखलं. तुझ्या धुराड्यात तिनं गोणपाटाचा बोळा कोंबलाय. का, तर चुलीवर आढ्याला बियाण्याची ज्वारीची कणसं टांगलेली. धूर लागला नाही तर कीड पडते, मग पेरायचं काय, म्हणाली. तू होतास तोवर बोळा काढलेला असायचा. लेकरू हौसेनं करून राहिलं, त्याचा हिरमोड नको, म्हणून तिनं मला शपथ घातली. ती मी मोडतोय.

विद्वानांनो, तुम्ही जाळ मोजलात, वारा मोजलात. धूर तिच्या काय कामाचा, ते तिला विचारलं नाही. कणसांची दुसरी सोय काढ आणि लवकर ये. विहिरीवरून येताना ती मध्येच खाली बसते.

मामा

हिंगोली,
३ एप्रिल १९७७

चि. मसाजी यास,
जयभीम.

तू पत्र्याची कोठी आणलीस, कणसं तिच्यात गेली, बोळा तिनं आपल्या हातानं काढला. पण छाती तोवर हरली होती. तिला पोचवून तू गेलास, आणि आता लिहितोस, की रतनसिंगानं एकट्यानं चुली कराव्या, मी कारकुनी पत्करतो. जिच्यासाठी केलं तीच गेली. हे खोडायला माझ्याकडे शास्त्र नाही.

काल तुमच्या शेजारची भागूबाई इथवर आली. तिची सून खोकून राहिली. पद्माबाई गेली, आता पोरगं कुणासाठी चुली करील, असं विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या घरी चूल बसवायला मी तुझ्या वतीनं हो म्हटलं. रागाव, पण ये.

साखऱ्याला आपल्या घरीच उतर, मीही येतो. दुखवट्यात शेजारणींनी भाकरी आणल्या, म्हणून तिच्यामागं ती चूल कुणी पेटवलेली नाही. भाकरी तुला येत नाही, मलाही नाही. जाळ तरी करू.

तुझा मामा