आठ पायांची मेंढी

मोंतेविदेओ, सोमवार, दुपार

तीर्थरूप नेल्बामावशीस,

धर्मकन्या यानिनाचा वाकून नमस्कार आणि गालावर एक पापा. तुझं मनगट कसं आहे? ऐन हंगामात दिवसभर लोकर निवडायची म्हणजे ते दुखत असणारच. पण तुला विचारलं की तू "ठणठणीत" म्हणणार, म्हणून खरं काय ते आईकडून कळवणे. माझी प्रकृती उत्तम आहे. (तीन दिवस डावी पापणी सारखी फडफडते, एवढं सोडलं तर.)

मावशी, मी फार घाबरले आहे. उभी असशील तर आधी खाली बस.

गेल्या महिन्यात मी कळवलं होतं, की उंदराच्या मेंदूत मला एक नवीनच जातीची पेशी सापडली आणि तिला मी तुझं नाव दिलं. (आमच्या प्रयोगशाळेत रीतच आहे: पेशींचा बिननावाचा पुंजका ज्याला सापडेल त्यानं त्याला कच्चं टोपणनाव द्यायचं. यंत्र सांभाळणाऱ्या हेबेरनं तर आपल्या आवडत्या गोलरक्षकाचं नाव दिलं होतं.) त्यावर तू ते आपल्या ताकुआरेंबोच्या रेडिओवर सांगितलंस, आणि आईनं येत्या शनिवारसाठी तीन थरांचा केक सांगून ठेवला. तर मावशी, ती पेशी नाही. म्हणजे आहे, पण एक नाही.

तू लोकरीची बट बोटांत धरतेस आणि डोळे मिटून सांगतेस, ही मेरिनो, ही कॉरिडेल. आमच्याकडे मात्र कोणाला कोण म्हणायचं यावरच पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालू आहेत. जुने म्हणायचे, आकार बघा. लांब शेपूट आणि फांद्या दिसल्या की ती चेतापेशी. नंतरचे म्हणाले, आकार फसवतो, अंगावरच्या खुणा बघा. म्हणून आम्ही प्रत्येक खुणेला वेगळ्या रंगाची चिठ्ठी चिकटवतो. आताचे म्हणतात, खुणाही फसवतात, पेशीच्या पोटात कोणते हुकूम चालू आहेत ते वाचा. त्यात मेंदूमध्ये पहारेकरी पेशी राहतात. घराणं रोगाशी लढणाऱ्यांचं, पण सगळा जन्म मेंदूत गेलेला. त्यांना सैन्यात धरायचं की गावकऱ्यांत, यावरून आमच्या मजल्यावरचे दोन प्राध्यापक चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. (जिन्यात समोरासमोर आले तर दोघेही आल्या पावली परत फिरतात.)

माझ्या नेल्बाच्या अंगावर दोन्ही रंग होते. पहारेकऱ्याचा हिरवा आणि चेतापेशीचा लाल. म्हणजे लढणारी आणि विचारही करणारी! मला ते लगेच पटलं, कारण आपल्या घरातल्या सगळ्या बायका अशाच आहेत. शंका घ्यायची असते तिथे मी अभिमानानं रडले.

आमचं यंत्र तुमच्या अरुंद वाटेसारखं आहे. तुम्ही मेंढ्या एकेक करून सोडता ना, तशा पेशी एकामागून एक उजेडासमोरून जातात. कधी दोघी अंगाला अंग घासत एकदम घुसतात, म्हणून दुप्पट दिसणाऱ्यांना वगळायचं एक फाटक असतं. ते मी उघडंच ठेवलं होतं. चुकून नव्हे, मावशी, तत्त्वानं! मला वाटलं, केवळ जाड दिसते म्हणून एखादीला बाहेर का काढा? शुक्रवारी हेबेरनं माझा तक्ता पाहिला आणि खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. "अगं येडे, तू आठ पायांची मेंढी शोधलीस की!" मी फाटक लावून पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नेल्बा गायब. एक पहारेकरी आणि एक चेतापेशी, नुसत्या चिकटलेल्या.

तेव्हा मला तुझ्या टेबलावर टांगलेला तो गोळा आठवला, गोखरूनं एकमेकींना चिकटलेल्या दोन लोकरींचा. लहानपणी मी विचारलं तर तू म्हणाली होतीस, "नवी जात सापडली म्हणून पोरी मी शेडभर नाचले होते, ती ही." मी किती हसले होते. माफ कर.

आता भीतीचं. बिदेगाइनबाई (आमच्या प्रमुख, आवाज कधी चढत नाही, हेच भयंकर) या शुक्रवारी परदेशच्या पाहुण्यांपुढे नेल्बा दाखवणार आहेत. माझी शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायची की नाही, हेही त्याच ठरवणार. त्यांना सांगायचं म्हणून आज सकाळी सगळ्यांबरोबर येर्बाच्या कडू चहाच्या फेरीत बसले. सगळ्यांचा मिळून एकच चहाचा भोपळा, तो फिरत फिरत माझ्या हातात आला. मी हिय्या करून "बाई, तुमचे खूप आभार, पण..." इथवर आले, आणि आभार मानले म्हणजे हिला आता पुरे, या आपल्या नियमानं हेबेरनं भोपळा काढून घेतला. फेरी पुढे गेली, बोलणंही. नंतर मी शीतगृहात जाऊन उभी राहिले. (तिथे कापरं भरलं तर कोणी कारण विचारत नाही.)

आईला नमस्कार. तिला अजून काही सांगू नकोस.

तुझीच,
यानिना

ता. क. शिष्यवृत्ती गेली, तर निवडीच्या टेबलाशी माझ्यासाठी जागा होईल का? मेरिनो आणि कॉरिडेल मला अजून ओळखता येतात. बहुतेक.

ता. क. दुसरा, संध्याकाळी. सांगितलं! दारातच उभं राहून, एका दमात. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात तुमच्या शेडमध्ये दोन हंगाम काढून आले. मग म्हणाल्या, "शुक्रवारी माझ्याऐवजी तू उभी राहा. कशी फसलीस तेच सांग. पाहुण्यांपैकी निम्म्यांच्या तक्त्यांत असली एखादी मेंढी चरत असेल." सांगून टाकलं की भीती जाते, असं तू म्हणतेस. गेली नाही. आता ती सभागृहात पहिल्या रांगेत जागा धरून बसली आहे. शिष्यवृत्तीचं विचारायला तोंड उघडलं नाही, तेव्हा टेबलाशी माझी जागा शुक्रवारपर्यंत कोणाला देऊ नकोस.

ता. क. तिसरा, मंगळवार सकाळ. पत्र आपल्याकडच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, म्हणजे आजच मिळेल. खरी विनंती अशी: गुरुवारच्या बसनं तू ये, आणि तो टांगलेला गोळा घेऊन ये, बोलताना मला हातात धरायला काहीतरी हवं. आणि निघण्यापूर्वी आईला तूच सांग. पाहुण्यांपुढे मी उभी राहीन, पण आईपुढे नाही. केक मात्र रद्द करू नका. त्यावर नेल्बा असंच लिहायला सांगितलंय ना? ती एकच आहे, एवढं मी आता खात्रीनं सांगू शकते.