कणीक मुरू द्यायची नाही

इस्राएल आळी, साळवखार,
जि. रायगड
१० एप्रिल १९८९

प्रिय शिमशोनभाऊजी यांस,

सिपोरावहिनीचा सप्रेम शालोम, वि. वि. आम्ही सगळी एलियाहू हन्नबीच्या कृपेनं खुशाल आहोत. तुमच्या भावाचा खोकला गेला. कान मात्र होते तसेच आहेत, म्हणजे हवं तेवढंच ऐकू येतं. परसातल्या रायवळला यंदा कैऱ्या लगडल्या आहेत. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? हे पत्र वाचायच्या आधी गोळी घेतलेली बरी.

हदस्सा मजेत आहे. चार दिवसांसाठी धाडलेली बायको अजून परतली नाही म्हणून तुम्ही दोन तारा केल्यात. दोन्ही मिळाल्या. उत्तर दिलं नाही, कारण जे सांगायचं ते तारेत मावण्यासारखं नव्हतं. तिचे हात थोडे भाजलेत, पण काळजीचं कारण नाही. ते पुढे येईलच.

पुरीमच्या सणाच्या सभेत तुम्ही मुकादम म्हणून उभे राहिलात आणि सांगितलंत, की साळवखारचं सिनेगॉग यंदाच्या पोळ्यांच्या सणानंतर बंद करायचं. (ठाण्याला गेल्यापासून तुम्ही सिनेगॉग म्हणता, आमची ती अजून मशीदच.) तोराच्या गुंडाळ्या, ते दोन्ही सेफेर, इस्राएलात अश्दोदला पाठवायचे. घरं सहा उरली, प्रार्थनेला दहा पुरुष जमत नाहीत, हे सगळं मी मान खाली घालून ऐकलं. कारण ते खरं होतं. पण मग तुम्ही म्हणालात, "ज्या गावाला सणाच्या बेखमीर पोळ्यासुद्धा मुंबईहून मागवाव्या लागतात, ते गाव मशीद काय चालवणार? यंदा मी पोळ्या मागवणारच नाही. ज्याला सण करायचा असेल त्यानं ठाण्याला यावं."

तिथं माझं डोकं फिरलं. बायकांच्या बाकावरून मी ओरडले, "पोळ्या इथं करू! झाल्या तर कुलूप लावायचं नाही!" आणि तुम्ही चक्क हसलात. "करून दाखवा वहिनी, मग बोलू," म्हणालात. वर पुढच्याच आठवड्यात हदस्साला पाठवलंत, सेफेरची मखमली वेष्टनं आणि चांदीचे तुरे कागदात गुंडाळून ठेवायला. तुमचा माझ्यावर किती भरवसा आहे ते तेव्हाच कळलं.

मला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. दर शुक्रवारी संध्याकाळी मी मशिदीत जाते, सेफेर ठेवायच्या हेखालसमोरच्या दिव्यात तेल घालते, काळ्या मनुकांचं शरबत गाळून ठेवते, बाकं पुसते. कुणी येवो न येवो. हे बंद झालं तर शुक्रवारी संध्याकाळी मी करायचं काय, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. हसण्यावारी नेऊ नका, मी खरंच सांगतेय.

तर कामाला लागलो. गहू निवडले. दळायला न्यायच्या आधी त्यांना पाण्याचा थेंब लागता कामा नये, म्हणून मी ते मांडीवर घेऊन रिक्षानं गेले. अब्दुलभाईंनी आमच्यासाठी चक्की आतून बाहेरून धुऊन, सुकवून ठेवली होती. म्हणाले, "भाभी, माझ्या निकाहच्या वेळी मी स्वतः एवढा घासून निघालो नव्हतो." नवे तवे आणले, नवी लाटणी आणली. आदल्या संध्याकाळी पाणी भरून रात्रभर झाकून ठेवलं. मंगळवारी सकाळी मशिदीच्या मागच्या पडवीत तीन चुली पेटवल्या आणि आळीतल्या सगळ्या बायका पदर खोचून बसल्या.

वेळ बघायला तुमच्या भावाला बसवलं. पाणी पिठाला लागल्यापासून अठरा मिनिटांत पोळी भाजून निघाली पाहिजे, नाहीतर खमीर धरलं. बायकांच्या गप्पांनी ज्याचं लक्ष उडणार नाही असा आळीत तो एकच पुरुष. पाणी घातलं की त्यांनी "पाणी!" ओरडायचं आणि वेळ संपली की "बस!"

पहिली कणीक मळायला अर्थात राहेलकाकी. त्यांच्यासारखी कणीक आळीत कोण मळतं? त्यांनी परात ओढली, मळली, तिंबली, असा लोण्यासारखा गोळा केला की बघत राहावं. आम्ही तवे तापवत होतो, चुलीत लाकडं सारत होतो, काकींच्या सुनेच्या बाळंतपणाची हकिगत चालली होती. तेवढ्यात तुमचे भाऊ ओरडले, "बस!"

"काकी, कणीक कुठंय?" मी विचारलं.

"ती काय, कोपऱ्यात. ओलं फडकं टाकून ठेवलीय. अर्धा तास मुरू दे की, म्हणजे पोळी कशी मऊ..."

आणि काकींचा हात तोंडावर गेला.

भाऊजी, आमच्यापैकी कुणीही असती तरी हेच झालं असतं. आई शिकवते, सासू शिकवते, कणीक मळली की झाकून ठेव. ती मुरवल्याशिवाय आजवर आम्ही पोळी लाटलेली नाही. आणि हा एकच सण असा, की त्यात कणकेला विसावा दिला की सगळं वाया. काकी रडायला लागल्या. "साठ वर्षं झाली गं, हात ऐकत नाही!" तो गोळा अब्दुलभाईंच्या म्हशीला गेला, परात आणि फडकं बाजूला काढलं. पिठाचा एक हिस्सा वाया गेला होता, उरलेलाही असाच गेला तर एवढ्या कमी दिवसांत तसे गहू पुन्हा कुठून आणणार? कुणीतरी हळूच म्हणालं, "शिमशोनभाऊ बरोबरच बोलले होते." कोण म्हणालं ते सांगत नाही. खरं म्हणजे माझ्याही मनात तेच आलं होतं. मी लाटणं खाली ठेवलं.

नेमकी तेव्हा हदस्सा आतून आली. खांद्यावर निळं मखमली वेष्टन, हातात वर्तमानपत्राचे तुकडे. आमच्या चुलींकडे ती आल्यापासून फिरकली नव्हती. तुमच्या कामाला आली होती आणि इमानानं तुमचंच काम करत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं. काकींनी रडत रडत सांगितलं.

"एवढंच?" हदस्सा म्हणाली. "काकी, उठा तिथून. तुम्ही कणकेला हात लावायचा नाही, तुम्ही टोचायला बसा. मळणाऱ्या दोघी, भाजणाऱ्या तिघी. एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त पीठ घ्यायचं नाही. लाटायला मी बसते."

"तू?" मी म्हटलं. "तुझ्याकडे ठाण्याला पोळ्यांना बाई येते."

"ताई, मी पेणची आहे. पापड लाटत लाटत मोठी झाले. माझा हात बघितलाय कुणी?"

नव्हता बघितला. पंचवीस वर्षं जाऊ आहे माझी, आणि खरंच नव्हता बघितला. तिनं ते वेष्टन घडी घालून आत नेऊन ठेवलं, हात धुतले, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि बसली. काय सांगू तुम्हाला! लाटणं दिसेनासं झालं. गोळी टाकायचा अवकाश, पोळी तव्यावर. पलीकडचं दिसेल इतकी पातळ. टाकताना तापल्या तव्याला हात लागत होते, पण ती थांबली नाही.

पहिली पोळी तव्यावर पडली आणि टम्म फुगली. आम्ही सगळ्या एका सुरात "वाऽऽ!" म्हणालो. मग एकमेकींची तोंडं बघितली. फुगलेली चालत नाही ना! जन्मभर पोळी फुगली नाही म्हणून बोलणी खाल्ली, आणि आता फुगली म्हणून फेकायची. त्या हसण्यात रडणं कुठल्या कुठं गेलं. काकींनी काट्याचा चमचा उचलला आणि पुढच्या पोळीला असं टोचलं की जणू तिच्यावर दावा आहे. "फुग! फुगून दाखव आता!" त्यानंतर एकही फुगली नाही. तुमचे भाऊ "पाणी!" ओरडत होते, पण "बस!" म्हणायची पाळी त्यांच्यावर एकदाही आली नाही. शेवटी वैतागून म्हणाले, "अरे, मला काही कामच नाही इथं!"

दुपार कलली तेव्हा मोठ्या टोपल्या भरल्या होत्या. कडक, खरपूस, डाग पडलेल्या. आम्ही काजळीनं काळ्या आणि पिठानं पांढऱ्या. मी सगळ्यांच्या देखत हदस्साला मिठी मारली. ती म्हणाली, "ताई, ह्या सहा घरांना जास्त होतील."

आता इथं ती गोष्ट येते जी तुम्हाला पत्रात कशी लिहावी हे मला कळत नव्हतं. आजूबाजूच्या सात गावांनाही पोळ्या तुमच्याच मार्फत यायच्या, म्हणजे तीही गावं यंदा कोरडीच होती. हदस्सानं चौल, रोहा, पेण सगळीकडे निरोप धाडले: "साळवखारच्या मशिदीत पोळ्या तयार आहेत, रविवारी येऊन घेऊन जा. शिमशोन मुकादमांच्या घरून." तुमच्या घरून म्हणजे तुमचाच हुकूम, असं लोकांनी धरलं. ती खोटं बोलली नाही. तुमच्या घरचीच आहे ती.

आणि भाऊजी, माणसं आली. एस्टीनं आली, टेंपोनं आली, रोह्याचे मोझेसमामा जावयाच्या स्कूटरवर मागे बसून आले. बायका-मुलं घेऊन आली. पुरुष दहाच्या वर कधी गेले ते तुमच्या भावाच्याही लक्षात आलं नाही. दुपारची प्रार्थना मोठ्यानं झाली. इतके दिवस तुमचे भाऊ एकटे पुटपुटायचे आणि मी मागून आमेन म्हणायचे. काल आमेन म्हटलं तेव्हा अंगावर काटा आला. आम्हा बायकांना दहात मोजत नाहीत हे मला माहीत आहे. पण ते दहा जमले ते आमच्या चुलीपाशी, हे काल सगळ्यांनी मानलं. नंतर पोहे, खोबरं, साखर, फळं घालून मोठा मलिदा केला. ज्यांना पोहोचायला उशीर झाला त्यांना ताट चाटायला मिळालं.

मलिद्यानंतर तिथंच सभा झाली. कुलूप लावायचं नाही असं एकमतानं ठरलं. पुढच्या वर्षी आठही गावांच्या पोळ्या इथंच होणार. महिन्यातून एका शब्बाथला प्रत्येक गाव इथं माणसं पाठवणार. सेफेरची वेष्टनं ज्या हातांनी गुंडाळली होती त्याच हातांनी हदस्सानं सोडली, तुरे घासले आणि हेखालमध्ये परत लावले. मी दिवा धरून उभी होते. मला रडू आवरलं नाही, आणि मी आवरलंही नाही.

सभेत आणखी एक ठरलं. मोझेसमामा म्हणाले, "शिमशोननं मशीद बंद करायचं ठरवलं होतं, मग आता चालवायला दुसरा मुकादम हवा." सगळे तुमच्या भावाकडे बघायला लागले. त्यांनी ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. मग मामांनी एक नाव घेतलं. चौलचे एक गृहस्थ उठले, "अहो, बाई? बाई कशी मुकादम होईल?" राहेलकाकी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "का? मुकादमाला दाढी लागते असं तोरात कुठं लिहिलंय? वाचून दाखव, नाहीतर मलिदा परत दे!" चौलचे गृहस्थ खाली बसले. हात वर झाले. पहिला हात तुमच्या बायकोचा होता.

आता रागावून घ्या. मी थांबते.

झालं? मग ऐका. आता जे सांगतेय ते तुमच्या तोंडावर दुसरं कुणी बोलणार नाही. गेल्या दारफाळणीच्या सणाला तुम्ही उपाशीपोटी, पांढऱ्या कपड्यांत, दिवसभर फाटकात उभे होतात. सात जण झाले, आठवा आला, मग कुणीच आलं नाही, तरी दिवेलागणीपर्यंत तुम्ही रस्त्याकडे बघत होतात. मी बघितलंय ते. तुम्हाला मशीद नकोशी झाली नव्हती. वाट बघणं नकोसं झालं होतं. एवढी वर्षं तुम्ही एकट्यानं वाट बघितलीत आणि आम्ही तुम्हाला एकटं बघू दिलं. आता ते होणार नाही.

पण एक अडचण आहे. पोळ्या झाल्या, माणसं येतील, खजुराचा शिरा हदस्सा करणार आहे. सणाच्या पहिल्या रात्री, सेदेरला, सुटकेची गोष्ट सांगणारी हग्गादा गाणार कोण? तुमच्या भावाला सूर ऐकू येत नाही, मोझेसमामांना दम लागतो. तुम्ही लहान असताना तुमचे बाबा गायचे आणि तुम्ही पुढची ओळ उचलायचात, ती चाल आता फक्त तुमच्या गळ्यात आहे. एकोणीस तारखेच्या संध्याकाळच्या आत या. हदस्सा ठाण्याला परत येणार नाही, तुम्ही यायचं. तुमची खुर्ची टेबलाच्या डोक्याशीच ठेवली आहे, तिच्यावर मी बसणार नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुमचा शब्द कधी मोडला नाही. आता माझा हा पहिलाच हुकूम आहे. तो मोडू नका.

तुमची वहिनी
आणि तुम्ही येईपर्यंत नव्हे, तुम्ही आल्यावरसुद्धा,
साळवखार मशिदीची मुकादम,

सिपोरा हनोख किल्लेकर