हेरॉन नदी घराकडे सरकते

१२ मार्च
नदीवरचा बर्फ फुटला. परसातली कपड्यांची दोरी गेली — खांबासकट! ओट्याशी उभं राहिलं की आता खिडकीतून पाणीच दिसतं.

केवढीशी ही हेरॉन नदी. उन्हाळ्यात गाई चालत पार होतात. पण सरळ वाहणं तिला माहीतच नाही. एमेट स्ट्रूव्हच्या मक्याच्या रानाला वळसा घालून येते, आमच्या काठावर धडकते, माती ओढून नेते. समोर त्याच्या काठाला मात्र गाळ साचतो. आणि इथला कायदा असा, की नदीने हळूहळू आणून टाकलेली जमीन ज्याच्या काठाला लागली त्याची. माझं घटतं, त्याचं वाढतं. वर म्हणतो, देवाने दिलं. मेला!

१६ मार्च
रोझलीचा फोन. "आई, हट्ट पुरे. डब्यूकला ये माझ्याकडे." तिचे बाबा, हर्मन, गेल्यापासून हेच. बघू म्हटलं. फोन ठेवल्यावर रडले. या घरातून मला जायचं नाही.

१९ मार्च
हर्मनने काठ धरून राहावा म्हणून जुनी मोटारगाडी काठात पुरली होती. इथे सगळेच पुरतात. आज ती उघडी पडली, पाणी तिच्या मागून शिरलं. मोटार नदीत, काठ अलीकडे! आधी हसू आलं. मग बसूनच राहिले.

२३ मार्च
एमेट पलीकडे खोदतोय. त्याचं रान म्हणजे वळणात शिरलेली लांब जीभ. मुळाशी अगदी अरुंद, दोन्हीकडे पाणी. तिथेच यंत्र लावलंय. बांध घालत असणार — पुरात ती पट्टी तुटली तर रान हातचं जाईल ना!

काठावरून ओरडले, "ढकल, ढकल सगळं पाणी माझ्या दारात!"

"आत जा लिओना, गारठशील!"

निगरगट्ट.

२४ मार्च
सामान बांधलं. ताटं तेवढी राहिली.

२८ मार्च
पाऊस, त्यात वरचा बर्फ वितळतोय. मागच्या पायरीला पाणी लागलं. उद्या रोझली गाडी आणते.

२९ मार्च
सकाळी उठले तर आवाजच नाही. परसात चिखल, चिखलात मासे. ती अरुंद पट्टी तोडून नदी पलीकडून सरळ निघून गेली! आमचं वळण सोडलंच तिने. एमेटचं अख्खं रान आता माझ्या बाजूला. बरी जिरली! खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. रोझलीला सांगितलं, गाडी रिकामीच ने.

३० मार्च
एमेट आला. पुलावरून, एवढा लांबचा फेरा घेऊन.

"टिकला नाही ना तुझा बांध?" मी टोचलं.

"बांध कुठला? चर खणला होता. म्हटलं, तुझं घर जाण्यापेक्षा नदीच जाऊ दे तिकडून."

"अरे, पण तुझं रान!"

"कुठे पळालंय? तुझ्या परसामागे तर आहे. नदी अशी एकदम सरकली, तर कायद्याने जमीन ज्याची त्याचीच राहते. पेरणीला तुझ्या अंगणातून ट्रॅक्टर आणावा लागेल, तेवढं फाटक उघड."

मी फाटक उघडायला गेले, ती रडतच.