टाळीची अट रद्द करण्याबाबत

मी लिओपोल्ड डुडझिक, वय सदुसष्ट, धंदा सुतारकी, आता निवृत्त, राहणार सिराक्यूज, न्यूयॉर्क राज्य, हा कागद स्वतःच्या मर्जीने करतो. कोणी माझे कान फुंकलेले नाहीत. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोक्यात गोंधळ मात्र आहे, पण त्याला कायद्याची हरकत नाही, असं वकील केसलर म्हणतात.

१. सन १९५६ चं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी लिहिलं होतं की राहतं घर एकुलती एक मुलगी हलिना हिला मिळावं, मात्र तिने फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघासाठी जन्मात टाळी वाजवू नये. वाजवल्यास घर पुतण्या रोमनला जावं. त्या वर्षी हलिनाने फिलाडेल्फियाच्या डेस्मंड गॅरिटीशी लग्न केलं होतं. आमच्या सिराक्यूज नॅशनल्सचं त्या संघाशी हाडवैर, आणि सभागृहात हॉकीच्या बर्फावर सामन्यापुरतं लाकडी मैदान अंथरणारा सुतार मी. राग आला, अट घातली. ती वाचून हलिना "बरं" एवढंच म्हणाली.

२. पुढे जे घडलं ते या अटीत कुठे बसतं, मला उमगत नाही. आधी फिलाडेल्फियाचा संघ उठून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्या आनंदात मी गल्लीभर मिठाच्या पाण्यात उकडलेले बटाटे वाटले. वर्षभरात आमचाच संघ विकला गेला आणि गेला तो नेमका फिलाडेल्फियाला. नाव नवं, पोरं आमचीच. मग टाळी कोणासाठी वाजवायची नाही? रोमनला विचारलं. "काका, नियम म्हणजे नियम. फिलाडेल्फिया ते फिलाडेल्फिया." केसलरना विचारलं. "डुडझिक, कायदा शहराचं नाव वाचतो, पोरांची तोंडं बघत नाही."

३. माझ्या वैराची विल्हेवाट लावता येत नाही. ज्यांच्याशी होतं ते सॅन फ्रान्सिस्कोत आहेत, आणि तिथल्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे खरं. पण पीळ ठेवायचा कोणावर? ही मिळकत स्थावरही नाही आणि जंगमही नाही, म्हणून केसलर ती कोणाच्या नावे करू देत नाहीत.

४. रंधे, पटाशा, करवती आणि मैदानाच्या फळ्या आवळण्याचा लांब पाना रोमनला. त्याला घर हवं होतं, हे मला ठाऊक आहे. पण हात चांगला आहे त्याचा. आमच्या त्या मैदानात उजव्या टोकाच्या बास्केटसमोर एका फळीखाली पोकळी आहे, तिथे चेंडू उसळत नाही. चौदा हंगाम मी हे फक्त आपल्या पोरांना सांगितलं. आता कोणालाही सांगावं.

५. बँकेतली शिल्लक आमच्या पोलिश चर्चच्या छपराला. फादरनी माझं नाव कुठे कोरू नये.

६. गेल्या फेब्रुवारीत मी बसने फिलाडेल्फियाला गेलो, कोणाला न सांगता. जावयाच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "सामन्याला नेता का?" तो काही न विचारता कोट घालून निघाला, मागोमाग हलिनाही. सभागृह अर्धं रिकामं. आमची पोरं मैदानात आली तरी जावई गप्पच.

"काय हो, आता तर तुमचीच आहेत ना?"

"सासरेबुवा, तेरा वर्षं या पोरांना शिव्या घातल्यात. वाहवा घशाशीच अडकते."

पहिली बास्केट पडली आणि माझ्या हातून टाळी केव्हा वाजली, मला कळलं नाही. बाजूला पाहिलं, तर हलिना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली.

"थंडी वाजतेय का गं?"

"नाही बाबा. सवय झालीय. त्या आधीच्या संघाच्या वेळीही अशीच बसायचे."

"अगं, पण ही आपली पोरं!"

"कागदावर फिलाडेल्फिया लिहिलंय तुम्ही."

"घरासाठी करतेस?"

"घर द्या हो कोणालाही! मी तुम्हाला 'बरं' म्हटलं होतं."

मला रडू आलं. आठ वर्षं मी या मुलीला फितूर समजत होतो. तिच्या लग्नाच्या जेवणालाही मी गेलो नव्हतो, याची आता लाज वाटते.

७. सबब, राहतं घर, आतल्या सामानासह, हलिनाला. कोणतीही अट नाही. माझा पत्र्याचा भोंगा डेस्मंडला. वाहवा घशात अडकली, तर त्याने तो फुंकावा.

८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. डॉक्टर म्हणतात मी अजून दहा वर्षं काढेन. म्हणजे तोवर ती तशीच बसून राहणार. म्हणून केसलर नको म्हणत असतानाही याची एक प्रत उद्याच टपालाने फिलाडेल्फियाला जाईल. पुढचा सामना कोणाशी आहे, मला माहीत नाही. आपण कोणाच्या बाजूचे, तेही अजून नीट कळलेलं नाही. हलिना, तू वाजव.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. शब्द माझेच आहेत.

लिओपोल्ड डुडझिक (सही)

साक्षीदार, दोघेही मिळकतीत वाटा नसलेले:
१. ओटिलिया फ्रँक, शेजारीण (सही)
२. वॉल्टर प्रिंगल, केसलर यांचे कारकून (सही)

स्थळ: सिराक्यूज
दिनांक: १४ मार्च १९६४